ट्रोलचे सातशे, चकव्याचे पंचवीस

(कोकणातल्या भुतांच्या एक्सपी-तक्त्यांना जोडलेली प्रस्तावना)

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून, तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा तो खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. त्यातल्या पहिल्या पुस्तिकेत एक हिशेब करून दाखवला आहे. आठव्या लेव्हलचा एक जादूगार ट्रोलला मारतो आणि त्याने राखलेली 7000 सोन्याची नाणी ताब्यात घेतो. ट्रोल सातव्या पातळीचा, म्हणून त्याला मारल्याचे 700. एकूण झाले 7700. पण मारणारा आठव्या लेव्हलचा आणि मेलेला सातव्या पातळीचा, तेव्हा आधी आठाने भागायचे आणि मग साताने गुणायचे. उत्तर 6737.5. तो शेवटचा अर्धा पॉइंटसुद्धा त्यांनी सोडलेला नाही.

मला हा अर्धा पॉइंट फार मोलाचा वाटतो. राक्षस, जादू, भुयारे, शाप असा सगळा कल्पनेचा पसारा मांडायचा आणि त्याच्या मुळाशी दशांशापर्यंत चोख हिशेब ठेवायचा, हा या खेळाचा स्वभाव त्यात दिसतो. ज्यांनी तो कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण डीएम, म्हणजे जगाचा कारभारी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात: कोणी फायटर, कोणी क्लेरिक, कोणी चोर. पट लागतोच असे नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणे एवढ्यावर खेळ चालतो. दिवसभराच्या खेळातून पात्राला जे एक्सपी, म्हणजे अनुभवाचे पॉइंट, मिळतात ते साठत जातात आणि ठरावीक आकडा गाठला की पात्र वरच्या लेव्हलला जाते. मॉन्स्टरवर मात केली की किती पॉइंट द्यायचे, हे ठरवणे डीएमचे काम. पुढचे तक्ते त्या कामासाठी आहेत, आणि त्यांत ओर्क-गॉब्लिनच्या जागी मुंजा, हडळ, चकवा आहेत.

डोंबिवलीत हा खेळ बहुधा रविवारी, कोणाच्या तरी हॉलमध्ये, सेंटर टेबल मधे ओढून चालतो. मेगाब्लॉकचे वेळापत्रक बघून कोणी ठाण्याहून येतो, कोणी बदलापूरहून, आणि रात्री गाडी गाठायची म्हणून शेवटची दहा मिनिटे नेहमी घाईची असतात. नेमकी तीच दहा मिनिटे एक्सपीच्या हिशेबाची. डीएम नवखा असेल तर तो हिशेब पुढच्या वेळेवर ढकलतो, पुढच्या वेळी कोणाला काही आठवत नाही, आणि हळूहळू ‘सगळ्यांना हजार देऊन टाक’ असे होते. माझे म्हणणे असे, की त्या दिवसापासून खेळ जुन्या पद्धतीचा राहत नाही. कारण कशाला किती पॉइंट, यावरून खेळाडू काय करायचे ते शिकतात. डीएमने तोंडाने कितीही सांगितले, तरी ते ऐकतात तक्त्याचेच.

हे नीट पाहायचे तर 1981 सालचे पुस्तक घ्यावे. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेला तो ‘बेसिक’ संच. त्यात फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी 2000 पॉइंट लागतात. एक साधा ओर्क मारल्याचे 10. म्हणजे एकट्याने 200 ओर्क मारायला हवेत. पाच फायटर असतील तर सगळे मिळून 1000. पहिल्या लेव्हलच्या फायटरचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, आठाच्या फाशावर ठरतात, तलवारीचा एक बरा घाव बसला की तो आडवा होतो. हजार ओर्क मारेपर्यंत तो जगणारच नाही. मग लेव्हल वाढते कशी? खजिन्याने. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक पॉइंट. याच पुस्तकातला ओगर मारला तर 125 मिळतात. पण गुहेबाहेर हिंडणारा ओगर खांद्यावरच्या पोत्यात 100 ते 600 नाणी घेऊन फिरतो, सरासरी 350. तो झोपलेला असताना पोते पळवले, तर त्याला मारण्याच्या जवळजवळ तिप्पट मिळकत, आणि अंगावर ओरखडा नाही. हे गणित खेळाडूंना एकदा कळले की ते दार फोडण्याआधी दाराला कान लावतात. दोर बरोबर घेतात. वाटाघाटी करतात. जुन्या पद्धतीच्या खेळाची जी सावध, धूर्त, जीव मुठीत धरून चालण्याची मजा आहे, ती सगळी या दोन आकड्यांतल्या तफावतीतून येते.

ही तफावत सुरुवातीपासून नव्हती. 1974 च्या पुस्तिकेत मॉन्स्टरच्या प्रत्येक पातळीला सरसकट शंभर होते. त्या हिशेबाने ओर्कचे 100, म्हणजे वीस ओर्क मारले की फायटर दुसऱ्या लेव्हलला. वर्षभरातच, 1975 मध्ये, गायगॅक्स आणि रॉबर्ट कुंट्झ यांच्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने शंभराचा तो नियम मोडीत काढला आणि चढत्या भाजणीचा तक्ता आणला. लोक असे समजतात, की तेव्हापासून सगळ्याच मॉन्स्टरांचे पॉइंट घसरले. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर वेगळे दिसते. ओर्क 1974 मध्ये 100 चा होता. 1979 च्या ‘ॲडव्हान्स्ड’ खेळाच्या डीएम-ग्रंथात तो 10 अधिक प्रत्येक हिट पॉइंटला 1, म्हणजे सरासरी चौदा-पंधरा. 1981 मध्ये नुसता 10. ट्रोल 1974 मध्ये 700. 1979 मध्ये 525 अधिक प्रत्येक हिट पॉइंटला 8, म्हणजे सरासरी 33 हिट पॉइंट धरले तर 789. 1981 मध्ये 650. ट्रोल जवळपास जिथल्या तिथे राहिला, ओर्क दहा पटींनी उतरला. लहानसहान जीव मारून मोठे होता येऊ नये, एवढाच त्या दुरुस्तीचा रोख होता. हा रोख मला मान्य आहे आणि पुढचे सगळे आकडे तो धरूनच काढले आहेत.

आता रीत. 1981 च्या तक्त्यात प्रत्येक मॉन्स्टरचे हिट डाइस, म्हणजे एचडी (हिट पॉइंट ठरवायला टाकायचे फासे), पाहायचे. 1 एचडीला मूळ 10, 2 ला 20, 3 ला 35, 4 ला 75, 5 ला 175, 6 ला 275, 7 ला 450, 8 ला 650. त्या मॉन्स्टरला साध्या मारामारीपलीकडची एखादी शक्ती असेल, म्हणजे विष, लुळे करणे, जादू, पुन्हा अंग भरून येणे असे काही, तर एचडीपुढे एक तारा. दोन शक्ती असतील तर दोन तारे. प्रत्येक ताऱ्याची बेरीज वेगळी: 1 एचडीला 3, 2 ला 5, 3 ला 15, 4 ला 50, 5 ला 125, 6 ला 225. एचडीपुढे अधिक-चिन्ह असेल तर मधली पायरी. ट्रोल 6+3 आणि एक तारा: 350 अधिक 300, झाले 650. चार एचडी, दोन तारे असा मेड्युसा: 75 अधिक 50 अधिक 50, झाले 175. तोंडी करता येते.

यात एक उणीव आहे आणि ती मला जाचते. सगळे तारे सारखे. ‘वाइट’ नावाचे जे चालते प्रेत आहे, त्याचे 3 एचडी आणि एक तारा, म्हणजे 50 पॉइंट. त्याचा हात लागला की पात्राची एक अख्खी लेव्हल जाते. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर यायला 2000 पॉइंट लागलेले असतात. ते एका स्पर्शात गेले, आणि त्याला मारल्याचे 50, तेही पाच जणांत वाटून. 1979 च्या ग्रंथात मात्र शक्तींचे दोन वर्ग केले होते. एका फेरीत चार किंवा त्याहून जास्त हल्ले, अंग भरून येणे, फक्त जादूच्या शस्त्राने जखम होणे, या ‘विशेष’ शक्ती. लेव्हल शोषणे, विष, लुळे करणे, अख्खे गिळणे, या ‘असाधारण’. दोघांचे दर वेगळे. वर प्रत्येक हिट पॉइंटचा हिशेब निराळा. ही पद्धत न्याय्य आहे, पण तिच्यासाठी प्रत्येक मॉन्स्टरचे हिट पॉइंट टिपून ठेवावे लागतात आणि रात्री गाडीच्या वेळेला ती गळ्याशी येते. म्हणून इथे 1981 ची रीत घेतली आहे. वाइटसारख्या ठिकाणी जो अन्याय होतो तो तसाच ठेवला आहे, कारण त्यातूनही खेळाडू शिकतात: याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या भुतांकडे वळण्याआधी एका जुन्या पुस्तकाचे ऋण सांगितले पाहिजे. कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदींचा एक इंग्रजी खंड 1915 मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी प्रसिद्ध केला. सामग्री जमवलेली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, 1909 मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या तोच हा कलेक्टर. पण त्या खंडाचे खरे लेखक दुसरेच आहेत. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवली होती आणि त्यांनी उत्तरे लिहून धाडली. कोणते भूत कोणत्या झाडावर, कशाने धरते, कशाने सोडते, हे सगळे त्या उत्तरांत आहे. डीएमच्या नजरेने वाचले तर तो आपला पहिला ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आहे. आकडे तेवढे घालायचे राहिले होते.

ते घालताना कुठे अडायला होते ते तीन-चार भुतांवरून दाखवतो.

चकवा. रात्री वाट चुकवतो, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. चावत नाही, मारत नाही. एचडी 2 धरले. तारे किती? खेळताना त्याच्याइतकी दमछाक कोणी करत नाही, म्हणून पुष्कळांना दोन तारे द्यावेसे वाटतात. पण हिशेब करून पाहावा. मलंगगडाखाली एक भुयार आहे असे समजा आणि तिथे चकव्याने दोन तास फिरवले. जुन्या नियमांत दहा मिनिटांचा एक टर्न, म्हणजे बारा टर्न गेले. मशाल सहा टर्न जळते. दोन मशाली संपल्या. दर दोन टर्नला डीएम सहाचा फासा टाकतो आणि एक पडला तर भटके काहीतरी समोर येते. असे सहा फासे पडले. सहापैकी एकदा तरी एक पडण्याची शक्यता तीनात दोन. तेव्हा चकव्याची भीती खरी आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या अंगात नाही, अंधारात आणि त्या भटक्या जीवात आहे. आणि तो जीव समोर आला की त्याचे पॉइंट वेगळे मिळणारच आहेत. दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणारा धोका चकव्याच्या खात्यावर पुन्हा मांडला तर तो दोनदा मोजला जातो. म्हणून एकच तारा: 20 अधिक 5, पंचवीस.

हडळ. एचडी 4. अंगात शिरते, त्याचा एक तारा. साध्या शस्त्राने तिला काही होत नाही, त्याचा दुसरा. एकूण 175, मेड्युसाइतकेच. तिची पावले उलटी असतात हे पोरासोरांना माहीत असते, आणि त्यालाही तारा द्यावा असा आग्रह मी ऐकला आहे. तो दिलेला नाही. उलटी पावले खेळाडूंच्या विरोधात जात नाहीत, उलट त्यांच्या कामाची आहेत. भुयारातल्या धुळीत पाऊलखुणा आत जाताना दिसल्या आणि एखाद्या खेळाडूने थांबून विचारले, ‘ही आत गेली की बाहेर आली?’ तर तो क्षण डीएमने जपायचा. खेळाडूला हुशारी दाखवायला वाव देणारी गोष्ट मॉन्स्टरची ताकद नसते.

मुंजा. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. एचडी 1, दिसत नाही म्हणून एक तारा: 13. हा आकडा मी पुनःपुन्हा तपासला, कारण इथे तक्ता एका लहान मुलाला मारण्याचे मोल सांगतो आहे असे वाटते. पण 1981 च्या पुस्तकात नेमके काय म्हटले आहे ते पाहावे: मॉन्स्टर मारला, किंवा जादूने, लढून अथवा डोके चालवून त्याच्यावर मात केली, की पॉइंट. मारणे ही अट नाही. आपल्याकडे भुताला कोणी तलवारीने मारत नाही. त्याला काय हवे ते विचारतात, नारळ देतात, राहिलेले काही पुरे करतात, नाहीतर हद्दीबाहेर नेऊन बसवतात. मुंज्याची राहिलेली इच्छा कोणती हे शोधून काढणे आणि ती पुरी करणे म्हणजे त्याच्यावर पूर्ण मात. पूर्ण 13 पॉइंट, एकही कमी नाही. चकव्याचेही तसेच. फिरणे थांबवून, जागच्या जागी बसून सकाळ होऊ दिली तर तो हरला. या भुतांना जुन्या पद्धतीचा खेळ इतका चपखल बसतो तो यासाठी. नव्या पद्धतीच्या खेळांत लढाईभोवती सगळी रचना असते. तिथे मुंजा म्हणजे एक दुबळा शत्रू होऊन बसेल.

वेताळाला मात्र आकडा दिलेला नाही. हिशेब करणे अवघड नव्हते: 9 एचडी, दोन तारे, 900 अधिक 700 अधिक 700, तेवीसशे, लाल ड्रॅगनच्या बरोबरीने. तरी तो जाणूनबुजून गाळला आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, कौल लावतात. गोव्यात आमोण्याला बेताळ पुजला जातो. भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार अशी दोन्ही रूपे त्याच्या ठायी एकत्र आहेत, आणि ज्याला कोणी आज सकाळी नमस्कार करून कामाला गेला, त्याला मारण्याचे पॉइंट किती हे मला छापायचे नाही. हा प्रश्न खेळाच्या जन्मापासूनचा आहे. 1976 मध्ये कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी देवदेवतांची एक पुरवणी काढली. तिच्या प्रास्ताविकात टिम कास्क यांनी लिहिले, की ज्या टेबलांवर पात्रांना वाटेल ते उधळून दिले जाते त्यांना आळा बसावा हाही तिचा एक हेतू आहे. देवांनाच हिट पॉइंट आहेत म्हटल्यावर आपली बेफाम वाढलेली पात्रे किती पोकळ आहेत हे डीएमना दिसेल, अशी आशा. झाले भलतेच. खेळाडूंना तो मारायच्या देवांचा तक्ता वाटला. 1980 च्या मोठ्या ग्रंथात तर इंद्र, वरुण, विष्णू हिट पॉइंटसकट आले. आकडा लिहिला की तो कोणीतरी मिळवायला निघतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याने काही ठिकाणी आकडा न लिहिणेच बरे. वेताळ खेळात आणा, जरूर आणा. त्याच्याशी बोला, त्याचे ऐका. त्याच्याशी केलेला करार पाळला तर डीएमने काय द्यायचे ते द्यावे.

खजिन्यासाठी सोन्याच्या नाण्याच्या जागी होन धरला आहे. एका होनाला एक पॉइंट. कल्याण 1657 मध्ये स्वराज्यात आले आणि खाडीकाठी दुर्गाडीचे काम सुरू असताना जमिनीत द्रव्य सापडले, अशी आख्यायिका आहे. आपल्या भागातल्या खेळाला याहून चांगला पाया कुठे मिळणार? मी दुर्गाडी ते मलंगगड एवढाच मुलूख डोळ्यांपुढे ठेवून पुढची ठिकाणे आखली आहेत. डोंबिवली पूर्वेच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. खेळाडूंना नकाशा द्यायच्या आधी एकदा तिथे उभे करावे.

वाटणीचा एक नमुना देतो, म्हणजे घाईत चूक होणार नाही. पाच पात्रे आणि बरोबर घेतलेला एक पगारी गडी. चकवा 25, हडळ 175, बाहेर आणलेले होन 1000. बेरीज 1200. सहा जणांत भागले, प्रत्येकी 200. गड्याला निम्मे, म्हणजे 100. उरलेले 100 कोणालाच मिळत नाहीत, कारण दुसऱ्याच्या हुकमाने चालणारा कमी शिकतो असे जुन्या नियमांचे मत आहे. पात्राच्या ताकद-बुद्धीसारख्या गुणांमुळे कोणाला पाच किंवा दहा टक्के जास्त मिळायचे असतील तर आधी भागाकार, मग टक्के. आत राहिलेल्या होनांचे काही नाही, वर्णन कितीही रंगले असले तरी. आणि एका मोहिमेत कोणीही एकापेक्षा जास्त लेव्हल चढत नाही.

2006 मध्ये ‘ऑस्रिक’, 2007 मध्ये ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’, 2019 मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांचे ‘ओल्ड-स्कूल एसेन्शल्स’ अशी जुन्या नियमांची नवी पुस्तके येत गेली म्हणून हे तक्ते आजही कामाचे आहेत. शेवटच्या पुस्तकातले पॉइंट 1981 च्याच तक्त्याचे असल्याने त्यावर खेळणाऱ्यांना इथला एकही आकडा बदलावा लागणार नाही. ‘ॲडव्हान्स्ड’ खेळणाऱ्यांसाठी प्रत्येक भुतासमोर शक्ती विशेष की असाधारण तेवढे लिहिले आहे. पुढचे त्यांनी हिट पॉइंट मोजून करावे. आसरा, गिऱ्हा आणि खाडीतली इतर भुते शेवटच्या भागात आहेत. पाण्यात खेचून नेणे ही एक शक्ती धरायची की चिलखत घातलेल्यासाठी दोन, यावर आमच्या टेबलावर अजून एकमत नाही. तिथे दोन्ही आकडे दिले आहेत, आणि कोणता घ्यायचा ते पहिल्यांदा कोणी बुडायच्या आधी ठरवून ठेवावे.

डोंबिवली (पूर्व)